संपर्काबाहेरची कापणी

घोटावड्याच्या रस्त्याला अजून चार-दोन खाचरं शिल्लक आहेत. एका बाजूला कारखान्याची निळ्या पत्र्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं पिवळं भात. परवा शाळेतून परतताना त्यातलं एक खाचर कापलेलं दिसलं. रिक्षा पुढं गेली तरी वास बराच वेळ मागं येत राहिला. कापलेल्या भाताचा वास कोरडा असतो, पण त्याच्या तळाशी चिखलाची ओल असते, पाऊस संपला तरी जमिनीनं जपून ठेवलेली. लहानपणी या वासानं मला भूक लागायची. आता माझा हात आपोआप पिशवीतल्या फोनकडे जातो आणि मी आक्काला फोन लावते. तिकडून तिचा आवाज आला, की म्हणते, "काही नाही गं, सहज." ती म्हणते, "आसू दे." तिला ठाऊक असतं, की दिवस कापणीचे आहेत.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. धरणाच्या पल्याड, ताम्हिणीच्या अलीकडे डोंगराच्या पोटाला आमच्या माहेरची वाडी आहे. पंधरा-सोळा घरं. नवरा गेल्यावर आक्का तिथं परत आली. मूलबाळ नाही. आईवडलांच्या माघारी घर तिनंच सांभाळलं, आणि घराखालची तीन खाचरंही. मी लग्न होऊन पुण्याजवळच्या माणला आले. आले तेव्हा खिडकीतून शेतं दिसायची. आता काचेच्या इमारती दिसतात. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर कंपन्यांत काम करणाऱ्या मुली भाड्यानं राहतात. मी शाळेत मराठी शिकवते.

वाडीत मोबाइल आले, पण रेंज कुणाच्या घरात कधी शिरली नाही. खाचरांच्या वर एक टेपाड आहे, आणि टेपाडावर काळा धोंडा. त्याचं नावच पडलं होतं टावरचा धोंडा. त्यावर चढून धरणाच्या पाण्याकडं तोंड केलं, की फोनवर दोन काड्या यायच्या. पाठ फिरवली की एक. संध्याकाळी तिथं बायकांची रांग लागायची. एक बोलत असली की दुसरी थोडी खाली जाऊन गवत उपटत बसायची, तिचं घरचं बोलणं आपल्या कानावर पडू नये म्हणून. आक्का गाईची धार काढून दिवेलागणीला वर यायची.

"जयभीम शोभे. हाय का?"

"आहे."

"मंग बोल. वारं लई सुटलंय."

आणि मग मी बोलायचेच नाही, तीच बोलायची. वरच्या खाचराला लोंब्या आल्या. रानडुकरं बांध उकरून गेली. भागीच्या म्हशीला रेडी झाली. तिच्या आवाजामागं वारा असायचा, लांबून कुणीतरी गुरांना घातलेली हाळी असायची. माझ्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असायची आणि कानाला ते सगळं टेपाड चिकटलेलं असायचं. रोज पाच मिनिटं, कधी सात. या पाच मिनिटांवर आम्हा दोघींचं किती काय उभं आहे, याचा विचार मी कधी केला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आठ दिवस आधी आमचं भांडण झालं. शेजारच्या भागाबाई मला पौडच्या बाजारात भेटल्या होत्या. आक्का बांधावरून घसरून पडली, गुडघा सुजलाय, आणि तुला सांगायचं नाही असं बजावलंय, हे त्यांनी सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी मी फोनवरच विषय काढला.

"आक्का, आता पुरे. खाचरं कुणालातरी वाट्यानं दे आणि इकडं ये."

"हितं माजं काय वाईट चाललंय?"

"गुडघा सुजलाय तुझा."

"भागीनं सांगितलं व्हय? तिला काय कळतंय. आन् तितं यिऊन काय करू मी? तुज्या जिन्यावरनं कोन चढलं, कोन उतरलं, ते मोजत बसू?"

सहामाही परीक्षा तोंडावर होती. दिवसभर वर्गात ओरडून घसा बसला होता. ही काही सबब नाही, पण तेव्हा मनात तेच होतं. मी म्हणाले, "बरं. राहा तिथंच. उद्या पडलीस झडलीस तर मला फोन करू नकोस."

 मग ती म्हणाली, "न्हाई करायची. बंदच ठिवते फोन."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी कुकर लावला, कणीक मळली, दिवा लावला आणि फोनकडे बघायचं टाळलं. पाचव्या दिवशी मीच लावला. एक बाई अतिशय नीट, मऊ मराठीत म्हणाली, "आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे." मला वाटलं, झालं. म्हणाली तसं करून दाखवलं. आमच्या घराण्यात हट्ट आहेच, आणि आक्काकडे तो सगळ्यात जास्त आलाय.

त्याच आठवड्यात माणचं नेटवर्क सुधारलं. एरवी वरच्या मुली जिन्यात येऊन, कधी गच्चीच्या टोकाला उभ्या राहून बोलायच्या. आमच्या भिंती जाड, खोल्यांत रेंज कमी. मी केरसुणी घेऊन जिना झाडत होते, तेव्हा त्यांच्यातली अंकिता मला हात धरून खोलीत घेऊन गेली. ती अमरावतीची.

"काकू, बघा ना, कसलं भारी चालतंय आता. नवीन टॉवर लावलेत म्हणे. मम्मी, ह्या आमच्या काकू."

पडद्यावर तिची आई चिवड्याचे पोहे भाजत होती. कढईतून वाफ येत होती आणि एकेक पोहा मोजता येईल इतकं स्पष्ट दिसत होतं. त्या बाईंनी झाऱ्या हातात असतानाच मला नमस्कार केला. मीही केला. मग खाली आले आणि पुन्हा आक्काचा नंबर लावला. बंद.

माझे यजमान म्हणाले, "एवढं वाटतंय तर रविवारी जाऊन ये."

"पेपर तपासायचेत."

"पेपर काय, आल्यावर तपास."

"फोन तिनं बंद केलाय. मी कशाला जायचं?"

 मी दोन रविवार पेपर तपासले. 'माझा आवडता ऋतू' या विषयावर साठ मुलांचे निबंध होते. सगळ्यांना पावसाळा आवडत होता. सुट्टी लागली की जाऊ, तोवर तिचाही राग उतरेल, असं मी मनाशी म्हणत होते.

वाडीत त्या दिवसांत काय चाललं होतं, हे मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. काही भागाबाईंकडून, थोडंसं आक्काकडून.

हळवं भात, म्हणजे लवकर येणारं, खालच्या खाचरात पिकलं होतं. आक्कानं एकटीनं कापायला घेतलं. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी तिच्या डाव्या डोळ्यापुढं काळ्या माशा उडायला लागल्या. ती हातानं हाकलत राहिली. मग वाकलं की डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. वर बघितलं तर आभाळ स्वच्छ. भागाबाई म्हणाल्या कुसळ गेलं असंल, पाण्यानं धू. तिनं धुतलं. त्याच संध्याकाळी ती टेपाडावर गेली.

भांडण झाल्यावर तिनं फोन बंद केलाच नव्हता. रागानं म्हणाली होती, तेवढंच. रोज रात्री चार्जिंगला लावत होती. मला फोन न करण्याचा हट्ट आठवडाभर टिकला, आणि डोळ्यानं तो मोडला. तिनं धोंड्यावर उभं राहून माझा नंबर लावला. टुंग असा आवाज झाला आणि फोन तुटला. पुन्हा लावला. पुन्हा टुंग. दुसऱ्या दिवशीही तेच. फोनवरच्या काड्या तिला नीट दिसत नव्हत्या. तिला वाटलं, डोळ्यामुळं दिसत नाहीत. आणि त्या आवाजाचा अर्थ तिनं एकच लावला, की मी तिकडून फोन कापतेय.

चौथ्या दिवशी डोळ्यावर पडदा सरकत आला. तिचेच शब्द आहेत, "कुनी गोनपाट ओढून घ्यावं तसं." खालून वर आला आणि निम्मं जग झाकलं. भागाबाई म्हणाल्या, माझा पोरगा पिरंगुटाहून आला की त्याच्या फोनवरून शोभाला लावू. आक्का म्हणाली, "नगं. तिला बोलायचं न्हाई तर दुसऱ्याच्या फोनवरनं कशाला लाचार व्हायचं?" मग एका डोळ्यानं तिनं ते खाचर कापून काढलं. कापलेल्या भाताची कडपं पसरून वाळवली, भारे बांधले, अंगणातल्या खळ्यावर आणून टाकले.

मी गेले सुट्टीच्या पहिल्या दिवशी. एसटीनं पौड, पुढं जीप, मग पायवाट. अंगणात आक्का पाठमोरी उभी राहून भात वारवत होती. तूस उन्हात उडत होतं. मी तिच्या डाव्या बाजूनं जाऊन अगदी जवळ उभी राहिले. हात लांबवला असता तर सुपाला लागला असता. ती वारवतच राहिली. मला वाटलं, इतका राग, की बघायचंही नाही. मी हाक मारली तेव्हा ती दचकली आणि सगळं अंग वळवून माझ्याकडे बघितलं.

"आलीस व्हय. फोन कापता येतोय, तसं यायला बी येतंय म्हनायचं."

"मी कधी कापला?"

"मग काय मी कापला? किती येळा लावला. लावला की टुंग. लावला की टुंग."

"आक्का, तुझा फोन बंद आहे. वीस दिवस मी लावतेय. रोज नाही, पण लावतेय."

"बंद? उशाला हाय माज्या. आत्ता बी चालू हाय."

तिनं आतून आणून दाखवला. बटणांचा छोटा फोन, कडेला चिकटपट्टी लावलेला. चालू होता. वेळ दाखवत होता. काडी एकही नव्हती. मी तो हातात घेऊन उभी राहिले, आणि मग माझं तिच्या डोळ्याकडं लक्ष गेलं. बाहेरून काहीच नव्हतं. लाल नाही, सुजलेला नाही. फक्त तो माझ्याकडं बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत बसवून बराच वेळ तपासलं. तरुण होते. बोलणं सौम्य.

"डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. किती दिवस झाले?"

"दोन आठवडे. जास्तच," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पहिल्या काही दिवसांत आला असतात तर बरंच वाचलं असतं. आता ऑपरेशन करू. पण नजर किती येईल, सांगता येत नाही."

आक्कानं विचारलं, "झोडनी ऱ्हायलीय थोडी. ती करून आलं तर चालंल?"

ऑपरेशन झालं. त्यानंतर पडदा जागेवर बसावा म्हणून तिला पालथं झोपून राहायचं होतं. दहा दिवस. ती दिवाळी आक्कानं आमच्या माणच्या घरात, उशीत तोंड खुपसून काढली. मी जमिनीवर बसून तिला भरवायचे. तिच्या केसांतून अजून भाताचं कुसळ निघायचं. बाहेर फटाके वाजत होते. वरच्या मुलींपैकी ज्या दोघी गावी गेल्या नव्हत्या, त्या आपापल्या घरच्यांशी पडद्यावर बोलत होत्या, आणि त्यांच्या आयांचे, भावंडांचे, कुत्र्यांचेसुद्धा आवाज छतातून खाली येत होते. सगळं जग सगळ्यांना दिसत होतं. आक्का उशीतून म्हणाली, "कोन बोलतंय गं?"

"अंकिता. आईशी."

"रोज बोलत्यात?"

"रोज."

 मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिच्या पाठीची हाडं हाताला लागत होती. इतकी ती वाळली कधी, हेही मला ठाऊक नव्हतं. आवाज तर रोज तोच असायचा.

नजर आली नाही. उजेड कळतो, माणूस हलला तर सावली कळते. बस्स.

तिला वाडीवर पोचवायला निघाले तेव्हा वाटेत पौडला उतरलो. बाजारात मोबाइलचं एक छोटं दुकान आहे. शबाना नावाची मुलगी चालवते. मागं तिचे वडील घड्याळं दुरुस्त करत बसतात. तिनं फोन उघडला, सिम काढून उजेडात धरलं.

"मावशी, फोनला काय झालं न्हाई. सिम जुनं हाय. कंपनीनं टावरवरची जुनी मशिनं काढून नवी बसवली ना दसऱ्याच्या टायमाला. जुनं सिम आता धरत न्हाई. बदलून देते, पाच मिनिटांचं काम हाय. मेसेज आले असतील की तुमाला."

मेसेज होते. नऊ. सगळे इंग्रजीत. दुकानाच्या फळीला टेकून मी एकेक वाचला. प्रिय ग्राहक, आपल्याला अधिक चांगला अनुभव मिळावा म्हणून आम्ही आपल्या भागातलं नेटवर्क अद्ययावत करत आहोत. प्रिय ग्राहक, सेवा अखंड राहावी म्हणून आपलं सिम बदलून घ्या.

"काय म्हन्त्यात?" आक्कानं विचारलं.

"सिम बदला म्हणतात."

"मंग मराठीत म्हनायला काय झालं हुतं?"

शबाना हसली. मला हसता आलं नाही. कारण पहिल्या मेसेजची तारीख मी बघितली होती. भाद्रपदातला रविवार होता. त्या दिवशी मी वाडीवर होते. आम्ही दोघी ओट्यावर बसून वाल सोलत होतो. आक्का नुकतीच टेपाडावरून आली होती. तिनं फोन माझ्यापुढं धरला होता आणि म्हणाली होती, "काय आलंय बघ गं, मगाशी वाजला." मी वाल सोलता सोलता वरचे दोन शब्द वाचले. म्हणाले, "कंपनीचं असेल. कामाचं नाही." आणि फोन तिच्या हातात परत दिला.

हे मी तिला दुकानात सांगितलं नाही. जीपमध्येही नाही. सांगायला आठ महिने लागले. ती म्हणाली, "तुला तरी काय म्हाईत." एवढंच. तिनं रागावायला हवं होतं.

मध्ये एकदा मी कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन केला होता. मराठीसाठी एक दाबा. बराच वेळ संगीत वाजलं. मग एक मुलगी आली. मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली, खाचर, टेपाड, डोळा. तिनं मध्येच अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमच्या बहिणीचं सिम आता सुरू आहे ना?" मी म्हटलं, हो. "मग आपली तक्रार सुटलेली आहे असं मी नोंदवू का?" तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं. दिवसभर बोलून ती दमलेली असावी. मी हो म्हणाले.

आता वाडीत रेंज आहे. धरणाच्या अलीकडं आणखी एक टॉवर उभा राहिला. आक्काच्या चुलीपाशीसुद्धा चारही काड्या येतात. बायका आपापल्या घरातून बोलतात. टेपाडावर कुणी जात नाही, पायवाटेवर गवत वाढलंय. मी आक्काला मोठा फोन घेऊन दिला. भागाबाईंचा मुलगा तो लावून देतो आणि मला ती दिसते. तिचा उजवा गाल, त्यामागं काळी पडलेली भिंत. आवाज इतका स्वच्छ येतो की तिनं गिळलेला आवंढाही ऐकू येतो. आणि आम्हाला बोलायला फारसं काही सुचत नाही. पूर्वी वाऱ्यातून, तुटक्या शब्दांतून आम्ही एकमेकींना ओढून घ्यायचो. नीट ऐकू आलं नाही तरी अर्थ लागायचा. की तेव्हाही लागत नव्हता, आणि आम्हालाच वाटायचं लागतोय, हे मला आता ठरवता येत नाही. यंत्र मुकं झालं तेव्हा आम्ही दोघींनी त्या मुकेपणात ज्या गोष्टी ऐकल्या, त्या कुठून आल्या होत्या? कंपनीनं तर त्या पाठवल्या नव्हत्या.

या वर्षी मी सुट्टी लागायची वाट बघितली नाही. घोटावड्याचं ते कापलेलं खाचर दिसलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि वाडीवर गेले. आक्का मला नको म्हणत होती. मास्तरनीचं काम न्हाई, हात कापून घेशील. मी विळा घेऊन तिच्या मागं खाचरात उतरले. सकाळचं ऊन होतं. दवानं भात जड झालं होतं, मुठीत धरलं की मनगटापर्यंत भिजायला होत होतं. दोन ओळी झाल्यावर ती उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून.

"एक इचारू का?"

"विचार."

"तवा फोन लागला असता, तर आली असतीस?"

"आले असते की."

"लगीच?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. मला माझंच बोलणं ऐकू आलं. आक्का, माशा दिसतात म्हणजे उष्णता असेल. गुलाबपाणी घाल. रविवारी बघू. नाहीतर सुट्टी लागली की येते, पेपर आहेत. अगदी याच शब्दांत म्हणाले असते. काळजीनंच म्हणाले असते. दोन वर्षं मी सिमला, मेसेजला, त्या मऊ आवाजाच्या बाईला बोल लावत आले होते, आणि एवढी साधी गोष्ट स्वतःला विचारली नव्हती.

"माहीत नाही, आक्का," मी म्हणाले.

ती माझ्याकडं एका डोळ्यानं बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, दिलासाही नव्हता.

"व्हय," ती म्हणाली. "मला बी तसंच वाटत हुतं."

मग ती वाकली आणि पुन्हा कापायला लागली. विळा सरसर चालत होता. तिच्या डाव्या अंगाला काही ताटं तिला न दिसता तशीच उभी राहत होती. मी मागून ती कापत गेले. तिला काही सांगितलं नाही.